आजीचे गुडघे आणि गाडीच्या स्प्रिंगा

आमची जुनी मारुती रेसच्या गाडीसारखी खाली बसावी, असा चिरंजीवांचा हट्ट. सातपूरच्या एका मेकॅनिकने स्वस्त तोडगा सुचवला : आहेत त्याच स्प्रिंगांचे दीड-दोन वेढे कापायचे!

मी म्हणालो, "अरे, वेढे कमी झाले की स्प्रिंग ताठ होते, कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही. घ्यायच्याच तर त्या गाडीसाठी बनवलेल्या, शॉकअ‍ॅब्सॉर्बरशी जुळणाऱ्या घ्याव्यात. जुनी स्प्रिंग आवळून धरूनच सोडवायची, नाहीतर ती उसळून जीव घेईल. नंतर चाकांचे अलाइनमेंट आलेच." शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे, उत्पादकाच्या मूळ तपशिलात परस्पर बदल चालत नाही.

चिरंजीव हटेनात. तेव्हा आजीने विचारले, "गाडी खाली गेली, तर मला तिच्यातून उठता येईल का रे?"

तो गप्प झाला. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला तिला दर महिन्याला तोच नेतो. रेसचा रस्ता गुळगुळीत. आमच्या वाटेवर गतिरोधक मोजून दमावे!

शेवटी थकलेल्या स्प्रिंगा बदलल्या, मूळ मापाच्याच. गाडी बोटभर उंच झाली. आजी आता कुणाचा हात न धरता उतरते.