प्रवाहाहून मंद

वल्हवणाऱ्याने नाव जाते त्या दिशेला पाठ करून बसावे, ही पाश्चात्त्य नौकानयनाची रीत इतकी जुनी आहे की तिचा विचार निराळ्या तऱ्हेने करता येईल, हे कित्येक पिढ्यांच्या ध्यानीमनी आले नसावे. बंदरात, सरोवरात किंवा संथ खाडीत या बैठकीने काही बिघडत नाही. उलट पाय टेकवून, पाठीचे सारे बळ लावून वल्हे ओढता येते आणि नाव वेगाने धावते. परंतु जी नदी डोंगरउतारावरून खडकांच्या गर्दीतून वाट काढीत येते, जिचे पाणी नावेला वेग देण्यास स्वतःच समर्थ आहे, आणि जिच्यावरील नावाड्याला वेग नव्हे तर अवधी हवा असतो, तिच्यावर हीच बैठक जीवघेणी ठरते. नदीवर वल्हवण्याची विद्या नव्याने शिकू इच्छिणाऱ्याने ड्रिफ्ट बोट या अमेरिकन नावेचा इतिहास प्रथम जाणून घ्यावा असे मला वाटते, ते एवढ्याचसाठी. कारण त्या नावेचा प्रत्येक वाक, प्रत्येक फळी आणि तिच्यावर शिकवला जाणारा पहिला धडा ही सर्व या एकाच जाणिवेतून जन्माला आलेली आहेत.

१८६९ च्या मे महिन्याच्या २४ तारखेस, शायलोच्या लढाईत उजवा हात गमावलेला जॉन वेस्ली पॉवेल हा भूगर्भशास्त्राचा अभ्यासक नऊ सोबत्यांसह वायोमिंगच्या मुलखातून ग्रीन नदीच्या, आणि पुढे कोलोराडो नदीच्या, अज्ञात दऱ्यांचा शोध घेण्यास निघाला, तेव्हा त्याच्यापाशी शिकागोत बांधलेल्या चार नावा होत्या. त्यांपैकी तीन ओक लाकडाच्या, जड आणि लांबट असून सरळ रेषेत धावण्यासाठीच घडवलेल्या होत्या; आणि वल्हेकरी प्रवाहाच्या दिशेला पाठ करून बसत. पुढच्या संकटाची वर्दी दुसऱ्याने द्यावी, ती ऐकून वल्हेकऱ्याने मान वळवावी आणि मग जड नाव वळवू लागावे, एवढ्या अवकाशात नदी आपले काम उरकून घेई. ९ जूनला लोडोर दरीत त्यांपैकी एक नाव खडकांवर आदळून फुटली आणि तिच्यासह शिधासामग्रीचा मोठा भाग गेला. पुढे कित्येक खळाळांवर या मंडळींनी नावा दोरांनी धरून काठाकाठाने उतरवल्या, किंवा खांद्यावर वाहून नेल्या. ती मोहीम शौर्याची होती यात संशय नाही. पण ते शौर्य चुकीच्या आकाराच्या नावांत बसलेले होते.

या गोष्टीचा निकाल लावला तो युटा राज्यातील व्हर्नल गावच्या नॅथॅनियल गॅलोवे नामक फासेपारध्याने. जनावरांच्या कातड्यांसाठी नदीनदीने हिंडणाऱ्या या मनुष्याने १८९० नंतरच्या दशकात हलकी, सपाट तळाची नाव घेतली आणि तिच्यात तो प्रवाहाच्या दिशेला तोंड करून बसू लागला. त्यामुळे दोन गोष्टी एकदम साधल्या: समोरचे पाणी त्याला दिसू लागले, आणि वल्हे ओढताच नाव प्रवाहाच्या उलट दिशेला खेचली जाऊन तिचा वेग नदीच्या वेगाहून कमी होऊ लागला. १९०९ मध्ये ज्यूलियस स्टोन या उद्योगपतीच्या मोहिमेबरोबर गॅलोवे याच पद्धतीने ग्रँड कॅन्यनमधून पार झाला. पॉवेलच्या शास्त्रज्ञतेला जे सुचले नाही ते पोटासाठी नदीवर राबणाऱ्याला सुचले, ही मला या इतिहासातील सर्वांत आदरणीय बाब वाटते.

या विचाराला नावेचे पूर्ण रूप मिळाले ते मात्र ओरेगन राज्यातील मॅकेन्झी नदीवर. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी लाव्हारसाने खोरे अडवल्यामुळे कॅस्केड पर्वतराजीत क्लिअर लेक हे सरोवर निर्माण झाले. त्या वेळी बुडालेल्या झाडांचे बुंधे त्याच्या अतिशीत पाण्यात अद्यापि उभे आहेत. तेथून निघणारी ही नदी सुमारे १४५ किलोमीटर वाहून यूजीन शहराजवळ विलामेट नदीला मिळते. विसाव्या शतकाच्या आरंभी ट्राउट माशांच्या शिकारीसाठी शहरी हौशी लोक येथे येऊ लागले आणि त्यांना नेणाऱ्या वाटाड्यांचा एक स्वतंत्र पेशाच तयार झाला. त्यांच्या पहिल्या नावा अवजड होत्या. व्हेल्टी प्रुइट या धर्मोपदेशकाने १९२० नंतर त्या हलक्या करण्याचा उद्योग आरंभला. पुढे टॉर्केल कारहुस हा नॉर्वेहून येऊन यूजीनमध्ये स्थायिक झालेला कारागीर प्लायवुड वापरू लागला. आणि १९३४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील ॲबर्डीन येथे जेम्स नेव्हिन या रसायनज्ञाने पाण्याला पूर्णपणे दाद न देणारा सरस सिद्ध केल्यावर प्लायवुडची नाव ही भरवशाची वस्तू झाली. नावेचा वाक पाण्याने ठरवला, तर तो साधण्याचे सामर्थ्य सरसाने दिले, असे म्हणता येईल.

वुडी हिंडमन याने याच परिसरात दोन्ही टोके निमुळती असलेली नाव बांधली, आणि १९४० नंतरच्या दशकात, मोटर बसवता यावी म्हणून, तिचे एक टोक कापून तेथे लहानशी आडवी फळी बसवली. आज ड्रिफ्ट बोट म्हणून जी ओळखली जाते ती हीच. प्रिन्स हेलफ्रिच हा नामांकित वाटाड्या अशा नावा घेऊन आयडाहोपर्यंतच्या दुर्गम नद्यांवर उतरला. आणि १९६० नंतर मार्टिन लिटन या निसर्गरक्षकाने याच घराण्यातील नावा ग्रँड कॅन्यनमध्ये नेऊन त्यांना मनुष्याने नष्ट केलेल्या निसर्गस्थळांची नावे दिली.

नावेची लांबी बहुधा १६ फुटांच्या आसपास असते. तळ रुंदीत सपाट, पण लांबीत दोन्ही टोकांकडे वर उचललेला. बाजू पळसपानाच्या द्रोणाप्रमाणे बाहेर कललेल्या. आणि तळाखाली कणा अजिबात नाही. कणा नसल्यामुळे ही नाव वीतभर पाण्यावरूनही जाते आणि एका वल्ह्याच्या ओढीने जागच्या जागी फिरते. या गुणांची किंमत म्हणून तिला सरळ रेषेत जाण्याची सवय नाही, आणि उंच कडांमुळे वारा तिला सहज ढकलतो. शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी ती अवखळ वाटते. वस्तुतः ती केवळ आज्ञाधारक असते, आणि आज्ञा कोणती द्यावी हे त्याला अद्याप उमगलेले नसते.

आता त्या पहिल्या धड्याकडे वळू. नावाडी मध्यभागी बसतो, तोंड प्रवाहाच्या दिशेला आणि नाळ, म्हणजे नावेचे पुढचे टोक, समोर. समोर खडक आला तर मोटारगाडीची सवय जडलेला मनुष्य ज्या बाजूला जायचे त्या बाजूला नाळ वळवतो आणि वल्ही पुढे रेटतो. येथे याच्या नेमके उलट करावयाचे असते: नाळ संकटाकडे वळवावी, पिछाडी सुटकेच्या बाजूला तिरपी करावी आणि दोन्ही वल्ही आपल्याकडे ओढावीत. खडक टाळून डावीकडे जायचे असेल तर उजवे वल्हे ओढताच नाळ उजवीकडे फिरते, पिछाडी डावीकडे येते, आणि मग दोन्ही वल्ह्यांच्या ओढीने नाव तिरपी डावीकडे सरकत जाते.

असे का, याचा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. नदी ताशी ६ किलोमीटर वेगाने वाहते आहे आणि साधारण शक्तीचा मनुष्य नावेला पाण्याच्या अपेक्षेने ताशी २ किलोमीटर वेग देऊ शकतो असे समजू. खडक ५० मीटरवर आहे. वल्ही उचलून स्वस्थ बसले तर तो ३० सेकंदांत येऊन ठेपतो. पुढे रेटत गेले तर २२ ते २३ सेकंदांत. आणि सरळ मागे ओढत राहिले तर ४५ सेकंद मिळतात. पंचेचाळीस अंशांचा तिरपेपणा ठेवून मागे ओढले तर खडकाच्या रेषेपर्यंत पोहोचेतो नाव सुमारे १५ मीटर बाजूला सरकलेली असते; तेच बळ, तोच कोन, पण पुढे रेटून लावले तर जेमतेम साडेनऊ मीटर. नदीला हरवण्याइतके बळ कोणाच्याही दंडात नाही. परंतु तिच्याहून किंचित मंद राहण्याइतके बळ बहुतेकांच्या दंडात असते, आणि तेवढ्याने काम भागते.

वल्ही सुमारे नऊ फुटांची असतात आणि पाते पाण्यात केवळ बुडेल इतपतच घालायचे असते. नवशिका ते खोल खुपसतो; उथळ पाण्यात प्रवाह जातो त्या बाजूच्या वल्ह्याचे पाते तळाच्या दगडात अडकले, तर मागून येणारी नाव त्या वल्ह्याची मूठ थेट छातीवर आणून आदळते. खळाळातून जाताना त्या बाजूचे वल्हे उचलून धरावे, हा दस्तूर यामुळेच पडला आहे.

नांगराविषयी मात्र थोडे सावकाश सांगितले पाहिजे, कारण या विषयातील बहुसंख्य नवशिक्यांचा तो लाडका आणि तोच घातक. नांगर पिछाडीला कप्पीवरून लोंबत असतो आणि पायाच्या एका दाबाने सुटतो. संथ पाण्यात ही सोय उत्तम. जोराच्या धारेत तो सोडला की नाव पिछाडीने अडते, सारा प्रवाह त्या ठेंगण्या आडव्या फळीवर चढतो आणि नाव काही क्षणांत भरून जाते. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन असते आणि वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, याचा विसर येथे परवडत नाही. म्हणून जाणते नावाडी नांगराच्या दोराच्या शेवटाला गाठ मारत नाहीत, म्हणजे प्रसंगी दोर संपूर्ण सुटून जाऊ देता येतो. नाव आडवी होऊन खडकाला चिकटली तर सर्वांनी खडकाच्याच बाजूला झुकायचे, हाही असाच स्वाभाविक प्रवृत्तीच्या विरुद्ध जाणारा नियम. भीतीने माणूस खडकापासून दूर सरतो, त्या भाराने प्रवाह येतो त्या बाजूची कड खाली जाते आणि पाणी आत शिरते. आणि काठावरून पाण्यात कोसळलेले झाड हे खडकाहूनही भयंकर, कारण त्याच्या फांद्यांतून पाणी जाते आणि मनुष्य अडकून राहतो. २०२० च्या सप्टेंबरात मॅकेन्झीच्या खोऱ्यात भडकलेल्या हॉलिडे फार्म या वणव्याने १,७०,००० एकरांहून अधिक प्रदेश जाळला आणि ब्लू रिव्हर हे गाव बेचिराख केले. अशा वणव्यानंतर काठावर जळून उभी राहिलेली झाडे पुढे कैक वर्षे नदीत पडत राहतात, आणि गेल्या वर्षीची मोकळी वाट यंदाही मोकळी असेल असे गृहीत धरता येत नाही.

मग शिकावे कोठे? माझ्या मते सोपी नदी म्हणजे लाटा नसलेली नदी नव्हे. एक ओढ चुकली तर दुसरी ओढ मारण्यास जी अवधी देते ती सोपी. मॅकेन्झीचा खालचा टप्पा आणि यूजीनच्या खाली विलामेटचा हॅरिसबर्गपर्यंतचा भाग या कसोटीला उतरतो. ओरेगनमधीलच डेशूट्स नदीवर वॉर्म स्प्रिंग्जपासून ट्राउट क्रीकपर्यंतचा सुमारे १६ किलोमीटरचा टप्पाही नवशिक्यांना मानवतो. तेथे सरकारी परवाना लागतो, नावेत बसून मासेमारीस बंदी आहे, आणि पश्चिमेचा काठ वॉर्म स्प्रिंग्ज आदिवासींच्या राखीव मुलखाचा असल्यामुळे वाटेल तेथे उतरता येत नाही. ट्राउट क्रीकचा उतार मात्र चुकवून चालत नाही, कारण त्याच्या खाली व्हाइटहॉर्स नावाचा खळाळ आहे, ज्याने कित्येक नावा गिळल्या आहेत.

मोंटाना राज्यात मिझुरी नदी १९१८ मध्ये पूर्ण झालेल्या होल्टर धरणातून निघून क्रेग गावाकडे जाते, तेथे ती रुंद, जवळजवळ खडकरहित आणि बाराही महिने बऱ्याच अंशी एकसारखी असते. तिथला शिक्षक म्हणजे वारा. त्याच राज्यातील बिगहॉर्न नदी यलोटेल धरणाखाली अशीच निवळ आणि सौम्य आहे. परंतु या सौम्यतेची एक कैफियत आहे. नदी क्रो आदिवासींच्या मुलखातून वाहते, आणि त्यांचा नेता रॉबर्ट यलोटेल याने ज्या धरणाला वर्षानुवर्षे विरोध केला, त्याच धरणाला सरकारने त्याचे नाव दिले. पुढे नदीच्या तळाची मालकी कोणाची यावर खटला चालला आणि १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मोंटाना राज्याची ठरवली.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. कोलाडजवळ कुंडलिका नदीवर आज जे तराफे सोडले जातात ते भिऱ्याच्या वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यावर, आणि ते पाणी मुळशी धरणाचे, ज्याच्याविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. नियमित, हौशी माणसाला झेपणारे पाणी पुष्कळदा कोणाच्या तरी बुडालेल्या शेतांवरून आलेले असते, आणि त्यावर नाव घालणाऱ्याने ते ठाऊक करून घेणे हा मी त्या विद्येचाच भाग मानतो.

निघण्यापूर्वी पाण्याचा विसर्ग पाहायचा, हा अमेरिकेतील नद्यांवरचा शिरस्ता. धरणाच्या बातम्यांतून आपल्या परिचयाचा झालेला क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, हेच तेथील माप. ही मापे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याची ठाणी रात्रंदिवस नोंदवतात. आणि त्यांतील पहिले ठाणे १८८९ मध्ये न्यू मेक्सिकोतील एम्बुडो येथे, रिओ ग्रांदे नदीवर, उभारले गेले तेव्हा त्या खात्याचा प्रमुख होता जॉन वेस्ली पॉवेल. वीस वर्षांपूर्वी पाठमोऱ्या वल्हेकऱ्यांच्या भरवशावर अज्ञात पाण्यात उतरलेल्या याच मनुष्याच्या अमदानीत पुढचे पाणी आधी मोजून ठेवण्याची व्यवस्था सुरू झाली, याचा मला मोठा संतोष वाटतो.

विसर्ग एकच असला तरी दोन नद्यांवर त्याचा अर्थ निराळा असतो, म्हणून शिकणाऱ्याने एकच टप्पा निवडून तो निरनिराळ्या विसर्गांत पुनःपुन्हा करावा. कोणता खडक केव्हा बुडतो, कोणत्या खडकामागचे उलटे फिरणारे निवांत पाणी केव्हा नाहीसे होते, हे अन्य कोणत्याही मार्गाने कळत नाही. अवघड पाण्याची घाई नको. मॅकेन्झीवर मार्टेन खळाळाच्या माथ्याशीच बेन अँड के डॉरिस हे सरकारी उद्यान आहे. तेथे नाव काठाला लावून, पायउतार होऊन, जुने वाटाडे आपल्या नावा त्या पाण्यात कोणत्या कोनाने घालतात, वल्ही केव्हा ओढतात आणि केव्हा नुसती धरून ठेवतात, हे पाहत अर्धा दिवस घालवावा, आणि त्या दिवशी नाव ट्रेलरवर चढवून परत न्यावी.