त्राहानास : उन्हात साठवलेले दूध

ग्रीसच्या खेड्यांत उन्हाळ्याच्या अखेरीस मेंढ्या-शेळ्यांचे दूध आटू लागते आणि पुढे हिवाळा उभा असतो. फ्रिज नसलेल्या काळात हे दूध टिकवायचे एक साधन चीज, तर दुसरे ‘त्राहानास’.

कृती घरगुती आहे. दूध काही दिवस आंबू देतात. मग मीठ घालून उकळतात आणि गव्हाचा भरडा टाकून घट्ट होईपर्यंत ढवळतात. गार झालेल्या गोळ्याचे तुकडे कापडावर उन्हात वाळवतात. अर्धवट सुकले की चाळणीवर चोळून रवाळ करतात, पुन्हा वाळवतात आणि कापडी पिशवीत भरतात.

यात संरक्षण दुहेरी आहे. आंबताना तयार होणारे लॅक्टिक आम्ल नासवणाऱ्या बहुतेक जीवाणूंना रोखते. बुरशी मात्र आम्लालाही जुमानत नाही; तिच्यासाठी पाणीच काढून टाकावे लागते. म्हणून दाण्यात ओल राहिली, तर सारी मेहनत वाया जाते. शिवाय गव्हात कमी असलेले लायसिन दूध पुरवते. हिवाळ्यात मूठभर त्राहानास पाण्यात शिजवून वर फेटा चीज कुस्करले, की पोटभरीचे जेवण होते.

गहू आंबवून कुरडया घालणाऱ्यांना हे तर्कशास्त्र परके वाटू नये.