हर्णैचा सुवर्णदुर्ग: जिथे काहीच नाही, अशा बेटावर जायचं कसं आणि बघायचं काय?

निळं पाणी, वाळूचा छोटासा पट्टा आणि आजूबाजूला चिटपाखरूही नाही, अशी रील दिसली की आपण लगेच कमेंटमध्ये विचारतो, "हे कुठे आहे?" उत्तर बहुतेक वेळा मालदीव, अंदमान नाहीतर लक्षद्वीप असतं. मग विमानाचं तिकीट, परवाना, बजेट यातलं काहीतरी आडवं येतं आणि रील सेव्ह करून आपण पुढे सरकतो.

असं एक बेट रत्नागिरी जिल्ह्यातही आहे. दापोलीहून पंधरा-सोळा किलोमीटरवर हर्णै बंदर लागतं आणि तिथल्या किनाऱ्यावरून समोर समुद्रात तटबंदीने वेढलेलं बेट दिसतं. त्यावर हॉटेल नाही, दुकान नाही, वस्ती नाही. हाच सुवर्णदुर्ग.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. या बारांमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातला एकच किल्ला आहे, तो म्हणजे सुवर्णदुर्ग. साहजिकच आता इथे येणाऱ्यांची संख्या वाढणार. त्यामुळे हे बेट कसं आहे आणि तिथे कसं वागायचं, हे निघण्याआधीच माहीत असलेलं बरं.

बेट इतकं शांत का राहिलं?

पहिलं कारण म्हणजे मध्ये असलेला समुद्र. गाडी थेट दारात नेता येत नाही. पावसाळ्यात समुद्र खवळला की होड्या बंद होतात आणि बेटाचा किनाऱ्याशी संबंध तुटतो.

दुसरं कारण कायद्याचं. सुवर्णदुर्ग हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीतलं संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई असते आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच बांधता येतं. सुवर्णदुर्गाच्या तटाने जवळजवळ सगळं बेट व्यापलं आहे. त्यामुळे रिसॉर्ट किंवा बीच शॅक उभारायला इथे जागाच उरत नाही.

आज रिकामं, एकेकाळी गजबजलेलं

हा किल्ला आदिलशाहीच्या काळातला मानला जातो. १६६० च्या सुमारास तो शिवाजी महाराजांकडे आला आणि पुढे आंग्रे यांच्या आरमाराचं मोठं ठाणं बनला. बेटाच्या पाठीशी किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला असे आणखी तीन किल्ले आहेत. शत्रूचं जहाज बेट आणि किनारा यांच्या मधल्या पाण्यात शिरलं, तर दोन्ही बाजूंनी त्याच्यावर तोफा डागता याव्यात, अशी ही रचना.

१७५५ मध्ये तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांचं वितुष्ट टोकाला गेलं. पेशव्यांनी मुंबईच्या इंग्रजांची मदत घेतली. पेशव्यांच्या बाजूने रामाजी महादेव आणि इंग्रजांच्या बाजूने कमोडोर विल्यम जेम्स मोहिमेवर निघाले. त्या एप्रिलमध्ये जेम्सने आधी खुल्या समुद्राच्या बाजूने मारा केला, पण तिथला तट दाद देईना. मग तो जहाजं घेऊन किनाऱ्याकडच्या बाजूला आला आणि अगदी जवळून तोफा डागल्या. किल्ल्यावर आग लागली, दारूगोळ्याचं कोठार उडालं आणि सुवर्णदुर्ग पडला. पुढे तो पेशव्यांकडे गेला आणि १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आला.

या विजयाची एक खूण थेट लंडनमध्ये आहे. जेम्सचा मृत्यू १७८३ मध्ये झाला. त्याच्या पत्नीने पुढच्याच वर्षी आग्नेय लंडनमधल्या शूटर्स हिल या टेकडीवर त्याच्या स्मरणार्थ एक त्रिकोणी मनोरा बांधला. त्याचं नाव 'सेव्हर्नड्रूग कॅसल'. नाव ओळखीचं वाटतंय ना? इंग्रजांच्या तोंडी झालेला हा आपला 'सुवर्णदुर्ग'च! तो मनोरा बरीच वर्षं बंद होता. स्थानिक लोकांनी पाठपुरावा करून तो दुरुस्त करून घेतला आणि २०१४ मध्ये तो पुन्हा खुला झाला. विजयाचं स्मारक तिकडे लोकांनी सांभाळलं. जिथे ती लढाई झाली, तो मूळ किल्ला सांभाळणं आपल्याकडे आहे.

जायचं कसं? आधी तिथी बघा

कोकण रेल्वेने यायचं असेल तर खेड स्टेशनवर उतरा. तिथून दापोली आणि दापोलीहून हर्णै. बंदरावरून होडीने साधारण पंधरा मिनिटांत बेट गाठता येतं. पावसाळा संपून समुद्र शांत झाला की फेऱ्या सुरू होतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात सुखाचा. एप्रिल-मेमध्ये काळा दगड असा तापतो की दुपारी तटावर थांबवत नाही.

सगळं वेळापत्रक ठरतं ते मात्र भरती-ओहोटीवर. कोकणात त्यासाठी एक जुना हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. जे उत्तर येईल, ती पूर्ण भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते. तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा हा फरक कमी असतो. हिशेब ढोबळ आहे, त्यामुळे शेवटचा शब्द होडीवाल्याचा. तो "आज नको" म्हणाला, तर जास्त पैसे देऊन आग्रह करू नका. लाइफ जॅकेट मिळाल्याशिवाय होडीत बसू नका आणि परतीची वेळ आधीच ठरवा. होडीतून उतरताना गुडघाभर पाण्यात पाय टाकायची तयारी ठेवा.

उतरल्यावर काय बघाल?

वाळूवर उतरलात की समोर तट दिसतो, पण दरवाजा पटकन दिसत नाही. पूर्वेकडचा महादरवाजा बुरुजांच्या आड मुद्दाम लपवलेला आहे. तिथे पायरीवर कोरलेलं कासव आणि भिंतीवरचा मारुती नक्की बघा. आत झाडीत लपलेले पडके चौथरे, कोठारं, विहिरी आणि पाण्याची टाकी आहेत. तटावरून पश्चिमेला गेलात की समुद्राच्या बाजूला चोरदरवाजा लागतो. तटाचा खालचा काही भाग मूळ कातळ तासून तयार केला आहे आणि त्यावर मोठमोठे चिरे रचले आहेत. जेम्सचे तोफगोळे इथे का चालले नाहीत, हे तिथे उभं राहिलं की समजतं.

फोटो काढताना मात्र तटाच्या कडेपासून लांब राहा. इथे कठडे नाहीत आणि काही झालं तर मदत होडीनेच येणार आहे.

जाताना हे लक्षात ठेवा

बेटावर प्यायचं पाणी विकत मिळत नाही, त्यामुळे पुरेसं सोबत न्या. टोपी आणि घसरणार नाहीत असे बूट हवेतच. स्वच्छतागृहाची सोय किनाऱ्यावरच उरकून घ्या.

नेलेली प्रत्येक बाटली आणि वेफर्सचं पाकीट परत आणा. इथे टाकलेल्या प्लास्टिकला होडीतून परत येणं किंवा समुद्रात जाणं, एवढे दोनच रस्ते आहेत. भिंतीवर नाव कोरण्याचा मोह होत असेल तर हेही वाचा: संरक्षित स्मारक विद्रूप केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ड्रोन उडवायलाही परवानगी लागते.

परत आल्यावर थोडा वेळ हर्णैच्या बंदरावर थांबा. इथला मासळीचा लिलाव आणि होड्यांमधली मासळी वाहून आणणाऱ्या बैलगाड्या बघण्यासारख्या आहेत. चहा इथे घ्या, जेवण इथे करा, मुक्काम इथेच किंवा शेजारच्या मुरूड-आंजर्ल्यात करा. तुमचे पैसे किनाऱ्यावरच्या गावांना मिळू द्या आणि बेटाला त्याची शांतता.

आणि रील टाकलीत की कमेंटमध्ये कोणीतरी "हे कुठे आहे?" असं विचारेलच. तेव्हा नावाबरोबर दोन गोष्टी आवर्जून लिहा: तिथी बघून जा आणि कचरा परत आणा.