कोटातील दगडी माणसे : मुंबईची एक विनामूल्य शिल्पफेरी

मुंबईच्या फोर्ट भागातील, म्हणजे जुन्या मुंबईकरांच्या ‘कोटा’तील, इमारतींवर आजवर पुष्कळ लिहिले गेले असले, तरी त्या लेखनात वास्तुकारांची नावे, शैलींची वर्गवारी आणि देणग्यांचे आकडे यांनाच मोठी जागा मिळत आली आहे, त्या इमारतींच्या दर्शनी भागांवर जी माणसे कोरलेली आहेत त्यांच्याकडे लक्ष जाते ते क्वचितच. ही माणसे पाहण्यासाठी तिकीट काढावे लागत नाही की मार्गदर्शक सोबत घ्यावा लागत नाही, कारण ती संग्रहालयात नसून रस्त्यावर आहेत. महात्मा जोतिबा फुले मंडईपासून हुतात्मा चौकापर्यंत थोडा वळसा घेत पायी गेल्यास या भूमीतील कष्टकरी माणूस कोणी, केव्हा आणि कोणत्या नजरेने कोरला, याचा जवळजवळ एका शतकाचा पट उलगडतो.

या शिल्पांना जागा मिळाली ती तटबंदी पाडली गेल्यामुळे. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत, १८६० च्या दशकात, किल्ल्याचे तट पाडून खंदक बुजवण्यात आले. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांकडे पैशाचा ओघ सुरू झाला. युद्ध संपताच हा फुगवटा ओसरला, अनेक पेढ्या बुडाल्या. तरीही मोकळी झालेली जमीन आणि आखलेल्या सार्वजनिक इमारती मागे राहिल्या. त्यांच्यासाठी निवडलेली गॉथिक शैली, म्हणजे टोकदार कमानी, मनोरे आणि विपुल कोरीवकाम यांची मध्ययुगीन युरोपीय परंपरा, कुशल हातांवाचून उभी राहणे अशक्य होते. हे हात घडवण्याचे काम एका कलाशाळेने केले.

सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ मध्ये सुरू झालेली ही शाळा, म्हणजेच ‘जे. जे.’, आजही मंडईपासून हाकेच्या अंतरावर आहे. इंग्लंडमधील कुंभारकामाच्या परगण्यात आणि नंतर लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात काम केलेले जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ मध्ये येथे वास्तुशिल्प शिकवण्यासाठी दाखल झाले; रुडयार्ड किपलिंग हे त्यांचे पुत्र, आणि त्यांचा जन्मही त्याच वर्षी मुंबईतच झाला. विल्यम एमर्सन यांनी आराखडा केलेली आणि मुळात पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचे नाव मिळालेली ही मंडई १८६९ मध्ये पूर्ण झाली, तेव्हा तिच्या प्रवेशकमानींवरील उठावशिल्पे, म्हणजे पार्श्वभूमी न सोडता तिच्यातून अर्धवट वर येणाऱ्या आकृती, किपलिंग यांनी केली. कुर्ल्याचा फिकट पिवळसर दगड आणि वसईचा तांबूस दगड यांनी बांधलेल्या भिंतीत, गव्हाच्या शेतात राबणारी शेतकरी माणसे तेथे दिसतात. फळांच्या पाट्या आणि हातगाड्यांच्या गर्दीतून मान वर केली, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते : ज्या मालाची खाली विक्री चालते तो पिकवणारा माणूस दारावर बसवलेला आहे. ही योजना आत्मीयतेची आहे यात शंका नाही. मात्र ही आत्मीयता यंत्रयुगाला विटलेल्या इंग्रज कलावंताची आहे. त्याला हिंदुस्थानच्या शेतात आणि कारागिरीत आपल्याच देशातून लोपलेले काही सापडत होते. १८७० च्या आसपास विदर्भ-मराठवाड्यात सावकारी कर्जाखाली वाकलेला किंवा १८७५ मध्ये पुणे-नगरकडे सावकारांच्या वह्या जाळणारा शेतकरी या शिल्पांत शोधू नये.

मंडईकडून दक्षिणेस काही मिनिटे चालल्यावर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत येते. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये काम सुरू झालेली ही वास्तू २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. घुमटावरील ‘प्रगती’ची स्त्रीमूर्ती आणि फाटकाच्या खांबांवरील सिंह व वाघ ही थॉमस अर्प यांची कामे, पण मोर, माकडे, पाने, वेली असा उरलेला बराचसा शिल्पसंभार जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी केला. या कामाशी त्यांचे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स निगडित होते. १८७२ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेणारे ते हेच. दर्शनी भिंतीवर रेल्वे कंपनीशी संबंधित व्यक्तींची वर्तुळाकार मुखशिल्पे आहेत. त्यांत जमशेटजी जीजीभॉय आणि जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट हे दोघे हिंदी आहेत. त्याखेरीज निरनिराळ्या पगड्या-फेटे घातलेले चेहरेही आहेत, परंतु त्यांना व्यक्ती म्हणून ओळख नाही. ते समाजांचे नमुने आहेत. नाव असलेला चेहरा आणि नुसता नमुना यांतील हे अंतर एकाच भिंतीवर इतक्या स्पष्टपणे फार थोड्या ठिकाणी पाहता येते. इमारत पश्चिमेकडे तोंड करून असल्याने दुपारनंतरच्या तिरप्या उन्हात तिचे कोरीवकाम अधिक उठून दिसते. म्हणून ही फेरी दुपारी तीनच्या सुमारास सुरू करणे उत्तम.

दादाभाई नौरोजी मार्गाच्या सावलीतल्या पदपथावरून पुढे जाऊन, हुतात्मा चौक डावीकडे ठेवून ओव्हल मैदानावर पोहोचले, की नमुन्यांची ही दृष्टी टोकाला गेलेली आढळते. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी आराखडा केलेला मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. त्यासाठी देणगी देणारे कापूस व्यापारातील धनिक प्रेमचंद रायचंद यांच्या आईचे नाव त्याला मिळाले. सुमारे २८० फूट उंचीच्या या मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातील जातींचे प्रतिनिधित्व करणाऱ्या २४ मूर्ती आहेत आणि त्या घडवण्याचे श्रेय रावबहादूर मुकुंद रामचंद्र या मराठी अभियंत्याला दिले जाते. देशव्यापी जनगणनेचा पहिला प्रयत्न १८७२ चा आणि माणसांची जातवार छायाचित्रे छापणारे सरकारी ग्रंथही त्याच काळातले. मोजणी, वर्गवारी आणि शिल्प यांचा उगम एकाच राज्यकारभारात होता. विद्यापीठाच्या माथ्यावर, जिथे विद्येच्या देवता असू शकल्या असत्या, तिथे जाती उभ्या राहिल्या, ही बाब आजच्या वाचकाला खटकावी अशीच आहे. तरीही दुर्बीण लावून त्या मूर्ती जरूर पाहाव्यात, कारण अंगावरचे वस्त्र नेसण्याच्या, पागोटे बांधण्याच्या तऱ्हा ज्या नेमकेपणाने टिपल्या आहेत तो नेमकेपणा घरच्या माणसाचा आहे.

मैदानाच्या पश्चिमेस १९३० च्या दशकातील आर्ट डेको इमारतींची रांग आहे. भौमितिक रेषा, वळणदार सज्जे आणि सिमेंट-काँक्रीट यांची ही शैली व समोरची गॉथिक रांग यांना मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा दर्जा लाभला. विद्यापीठाला दक्षिणेकडून वळसा घालून काळाघोड्याला यावे. १९५२ मध्ये उघडलेल्या जहांगीर कलादालनातही प्रवेशशुल्क नाही. तेथून महात्मा गांधी मार्गाने उत्तरेकडे वळल्यावर, ‘मास्टर, साठे आणि भुता’ या भारतीय वास्तुकारांनी १९३६ मध्ये उभारलेली न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची इमारत लागते. सर दोराबजी टाटा यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या या विमा कंपनीच्या दर्शनी भागावर शिल्पकार ना. ग. पानसरे यांची उठावशिल्पे आहेत : शेतकरी, कुंभार, सूत कातणाऱ्या स्त्रिया. विषय किपलिंग यांच्या मंडईतलाच, पण ताठ, रुंद खांद्यांच्या या आकृतींचा ठसा निराळा आहे. सविनय कायदेभंगानंतरच्या त्या वर्षांत सूत कातणारी स्त्री हे निव्वळ ग्रामीण दृश्य राहिले नव्हते. तिच्या हाताला राजकीय अर्थ आला होता, आणि तो अर्थ भारतीय कंपनी, भारतीय वास्तुकार व भारतीय शिल्पकार यांनी मिळून भिंतीवर आणला. या संपूर्ण मार्गावर सर्वांत जास्त वेळ द्यावा तो याच पदपथावर.

पुढे काही पावलांवर हुतात्मा चौक. जिथे कोटाचा चर्चगेट हा दरवाजा होता त्याच परिसरात १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन बसवण्यात आले. रिचर्ड नॉर्मन शॉ यांची कल्पना आणि जेम्स फोर्सिथ यांचे कोरीवकाम असलेले, इंग्लंडहून आणलेल्या पोर्टलंड दगडाचे हे कारंजे मुळात भायखळ्याच्या राणीच्या बागेसाठी योजलेले होते. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्राची मागणी करणाऱ्या निदर्शकांवर याच ठिकाणी गोळीबार झाला आणि त्या दिवशी १५ जणांचा बळी गेला. आंदोलनातील सर्व हुतात्म्यांचे स्मारक पुढे येथे उभारले गेले, त्यात शेतकरी आणि कामगार मिळून मशाल धरतात. त्यांच्या अंगावर जातीची खूण नाही, ते कोणत्याही इमारतीचे अलंकरण नाहीत, आणि हुतात्म्यांची नावे त्यांच्या सोबत कोरलेली आहेत. २०१९ मध्ये कारंज्याचे जतनकाम पूर्ण झाल्यापासून त्यावरील रोमन पुष्पदेवता फ्लोरा आणि हे दोघे, अशी दोन्ही शिल्पे एकाच फेरीत जवळून पाहता येतात.