मोबाईलवर संगीत बांधायला शिकताना

आम्ही शहाडहून, आपल्या बचत गटांच्या वतीने बोलतोय.

दोन महिन्यांपूर्वीच्या बैठकीत गटातल्या एका ताईने चाळीस हजारांचं कर्ज मागितलं. कशासाठी? तर बारावी झालेल्या लेकीला लॅपटॉप घ्यायला. मुलगी यूट्यूबवर बघून संगीत तयार करायला शिकतेय म्हणाली. लगेच कुजबुज सुरू झाली. "दिवसभर मोबाईल बघायचा, त्याला शिकणं म्हणायचं का?" एकीने विचारलं, "मुलीने काय डीजेचा धंदा करायचा?" ताई गप्प झाली. आम्हालाही उत्तर देता आलं नाही. म्हणून ठराव महिनाभर पुढे ढकलला आणि मुलीकडूनच हे काम समजून घेतलं. तेच आज सांगतो.

यात वाद्यं मोबाईलच्या किंवा संगणकाच्या आत असतात. पडद्यावर रांगोळीच्या ठिपक्यांसारखी सोळा घरं एका ओळीत दिसतात. पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या घरात ढोलाचा ठोका ठेवायचा. पाचव्या आणि तेराव्यात टाळीही ठेवायची. ही ओळ पुन्हा पुन्हा फिरते. मिनिटाला साधारण १२० ते १२८ ठोके ठेवले, की हाऊस नावाच्या नाचाच्या संगीताचा ठेका तयार. आपल्या केरव्याच्या आठ मात्राही याच घरांत बसतात, एका मात्रेला दोन घरं. ठेक्यावर मग सूर आणि आवाज यांचे थर चढवायचे.

हे फक्त परदेशातलं काम नाही. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' हे मराठी गाणं हाऊस ठेक्यावरच आलं. नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्स या कंपनीने ते काढलं.

सुरुवातीला खर्च लागत नाही. मोबाईलवर बँडलॅब आणि संगणकावर ऑडॅसिटी फुकट मिळतं. इयरफोन मात्र वायरचा घ्या. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा येतो आणि ठेका चुकतो. चोरीचं सॉफ्टवेअर टाकू नका, त्यातून व्हायरस येतो.

आता खरी अडचण. मुलीने सहा महिने व्हिडिओ बघितले, पण पूर्ण असं काहीच केलं नव्हतं. पोळी लाटताना शंभरदा बघितली तरी पहिली पोळी वाकडीच होते, तसंच हे. म्हणून तिने नियम केला: दहा मिनिटं बघायचं, व्हिडिओ थांबवायचा आणि तेवढंच स्वतः करायचं. बीट, लूप, मिक्स असे नवे शब्द वहीत लिहायचे. आठवड्याला एक मिनिटाचा तुकडा पुरा करायचा. आईनेही "किती वेळ बघतेस?" हे विचारणं सोडलं आणि "काय केलंस ते ऐकव" म्हणू लागली.

व्हिडिओ शिकवतो, पण आपली चूक सांगत नाही. त्यासाठी माणसाचा कान लागतो. भजनी मंडळातल्या ढोलकीवाल्या काकांनी तिला सांगितलं, "ठोका इतका मोठा आहे की शब्दच बुडतात."

मग तिने आजीची जात्यावरची ओवी मोबाईलवर घेतली. पंखा बंद केला, भिंतींना गोधड्या लावल्या, फोन विमान मोडवर टाकला आणि आजीच्या तोंडापासून वीतभर लांब ठेवला. लोकलचा भोंगा आला की थांबायचं आणि पुन्हा घ्यायचं. ओवी सोळा घरांत बसावी म्हणून तिने मधले श्वास आणि लांबवलेले सूर कापले. आजीने ऐकलं आणि म्हणाली, "ही माझी ओवी नव्हे." आजी घड्याळाच्या मापाने गात नव्हती, ती जात्याच्या फेऱ्याने आणि आपल्या दमाने गात होती. मुलीने ठेका काढून टाकला आणि ओवीखाली तानपुऱ्यासारखा एकच सूर ठेवला. हे कुठल्याही व्हिडिओत नव्हतं. आजीने ते तीनदा ऐकलं.

हेमा राईरकर आणि गी पॉईतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. तरी आपल्या घरातला आवाज आपणच जपायचा.

तो तुकडा मुलीने बैठकीत वाजवला. सगळ्या शांत बसून ऐकत होत्या. मग ठराव झाला: चाळीस नाही, अठरा हजार, आणि तेही तपासून घेतलेल्या जुन्या लॅपटॉपसाठी. हप्ता आई शिवणकामातून भरणार. लगेच कमाई होईल असं आम्ही कुणीच म्हटलेलं नाही. डीजेचा प्रश्न विचारणाऱ्या बाईंनीच ठरावावर पहिली सही केली.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात मूल असं काही बघत असेल तर मोबाईल हिसकावून घेण्याआधी एकदा ऐकवायला सांगा. आणि घरात ओव्या गाणारी आजी असेल तर तिला विचारून या आठवड्यात एक ओवी नोंदवून ठेवा. पुढच्या बैठकीत सगळ्या मिळून ऐकू.