चेहऱ्यावरील सूक्ष्म अस्थिकण : त्वचेतील अस्थिनिर्मितीचा दुर्मिळ विकार

प्रस्तावना : हाड म्हटले की आपल्यासमोर सांगाडाच उभा राहतो. तथापि त्वचेतही खरे हाड तयार होऊ शकते. या अवस्थेस 'ऑस्टिओमा क्यूटिस' असे म्हणतात. बहुधा चेहऱ्यावरच आढळणारा तिचा दुर्मिळ प्रकार म्हणजे 'मल्टिपल मिलिअरी ऑस्टिओमा' होय. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी १८६४ मध्ये त्याचे वर्णन केले. 'मिलिअरी' हा शब्द वरीसारख्या बारीक धान्याच्या लॅटिन नावावरून आला आहे.

स्वरूप व कारणे : गाल, कपाळ व हनुवटीवर त्वचेच्या रंगाचे, पांढरट किंवा निळसर कठीण कण दिसतात. ते सहसा दुखत नाहीत. बहुतेक रुग्ण मध्यमवयीन स्त्रिया असून अनेकींना पूर्वी दीर्घकाळ मुरुमांचा त्रास झालेला असतो. मात्र मुरुम नसतानाही हा विकार उद्भवतो. हे केवळ कॅल्शिअमचे क्षार साचणे नव्हे. सूक्ष्मदर्शकाखाली अस्थिपेशी व हाडाचे थर स्पष्ट दिसतात. रक्तातील कॅल्शिअम व फॉस्फरसचे प्रमाण सामान्यतः प्राकृत असते. दीर्घकालीन दाहामुळे संयोजी ऊतीतील पेशी अस्थिजनक पेशींत रूपांतरित होत असाव्यात, असे एक मत आहे.

निदान : खरी अडचण येथेच आहे. हे कण मुरुम समजून वर्षानुवर्षे औषधे दिली जाण्याचा संभव असतो. त्यांतील टेट्रासायक्लीन वर्गातील प्रतिजैविके हाडात साठतात व कण निळसर पडू शकतात. म्हणजे उपचारच व्यंग वाढवतो. कणाचा कठीणपणा, क्ष-किरण चित्र व अंतिमतः ऊतिपरीक्षा यांवरून निदान निश्चित होते. लहान मुलाच्या त्वचेत हाड आढळल्यास मात्र 'जीएनएएस' जनुकाशी निगडित आनुवंशिक विकारांचा विचार करणे अगत्याचे ठरते.

उपचार : विकार सौम्य असल्याने उपचार अनिवार्य नाहीत. सौंदर्याच्या दृष्टीने आवश्यक वाटल्यास सूक्ष्म छेद घेऊन कण काढतात किंवा लेसरचा वापर करतात. वरवरच्या कणांसाठी ट्रेटिनॉइन मलमाचा काही रुग्णांना उपयोग झाला आहे.

समारोप : या विकारात जिवाला धोका नाही, परंतु चेहऱ्याशी माणसाचा आत्मविश्वास निगडित असतो. म्हणून दीर्घ उपचारांनंतरही न जाणारे कठीण कण हे मुरुमच आहेत, असे गृहीत न धरता त्वचारोगतज्ज्ञाकडून त्यांची तपासणी करून घेणे हितावह होय.