घरचा तंबाखू नीट का जळत नाही?

घरी वाळवलेला तंबाखू भरलेली विडी कधी कधी सारखी विझते. एक तर पान पुरते वाळलेले नसते, नाहीतर त्यात क्लोराईड जास्त असते. खारे पाणी किंवा म्युरेट ऑफ पोटॅश दिलेल्या शेतातले पान क्लोराईड शोषते, हवेतला ओलावा धरून ठेवते आणि धुमसत राहते.

विडी विझू नये म्हणून ओढणारा वरचेवर, जोराने झुरके घेतो. अर्धवट जळण्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साईड रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटून प्राणवायूची जागा अडवतो. हृदयविकार असलेल्याला हे फार महागात पडते.

पान नीट वाळवले तर विडी चांगली पेटेल, पण निरुपद्रवी होणार नाही. घरचा असो वा विकतचा, निकोटिन पानातच असते आणि कर्करोगकारक द्रव्ये धुरात. तंबाखू सोडायचा असेल, तर १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर मदत मिळते.